ट्रायथलॉनची कुळकथा : एका संसारी भगिनीच्या निमित्ताने

स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्या, असा निरोप संपादक-भगिनींकडून आला, तेव्हा आमच्या मुलुंडच्या जुन्या वाड्या-बंगल्यांविषयी चार शब्द लिहावयाचे मी योजिले होते. परंतु गेल्या हिवाळ्यात मंडळात एक गोष्ट घडली आणि तो विषय मागे पडला. आपल्यातील एक सभासद भगिनी, दोन मुलांची आई, सकाळची लोकल धरून कचेरीत जाणारी, भिशीचा हिशेब पैशापैशाने चोख ठेवणारी, पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ह्या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या एका शर्यतीत उतरली आणि ती पुरी करून घरी आली. "माझे नाव मात्र छापू नका, मी शेवटून चौथी आले आहे," असे तिने बजावले आहे. म्हणून नाव देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच.

हळदीकुंकवाला हा विषय निघाला तेव्हा बायकांनी तिला दोनच प्रश्न विचारले. एक, हे खूळ मुळात निघाले कोठून? आणि दुसरा, अर्थातच, घरचे काही म्हणाले नाहीत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी बसले. शोधता शोधता असे दिसून आले, की दुसऱ्या प्रश्नापासून ह्या खेळाचा इतिहास कधी फारसा दूर गेलेलाच नाही.

'ट्रायथलॉन' हा शब्द ऐकला की आपल्यापुढे पिळदार स्नायूंचे, महागड्या सायकलींवर वाकून बसलेले पुरुष उभे राहतात. मीही तसेच समजत होते. वास्तविक ह्या खेळाची सुरुवात अगदी घरगुती होती. फ्रान्समध्ये १९२० च्या सुमारास तीन खेळांच्या शर्यती होत असत. पण ती परंपरा तेथेच राहिली. आजच्या ट्रायथलॉनचा जन्म मानतात तो अमेरिकेतील सॅन डिएगो गावी, २५ सप्टेंबर १९७४ रोजी. वार होता बुधवार. म्हणजे सुटीचा दिवस नव्हे! तेथील धावणाऱ्यांच्या क्लबातील जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनाहन ह्या दोघा सभासदांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि शर्यत ठेवली संध्याकाळी पावणेसहाला. मिशन बे नावाच्या खाडीच्या काठी शेचाळीस माणसे जमली. सुमारे साडेनऊ किलोमीटर धावणे, आठ किलोमीटर सायकल आणि साडेचारशे मीटर पोहणे, तेही तुकड्यातुकड्यांनी. ज्याने त्याने आपली सायकल आपण आणावयाची होती. धावण्याचा काही भाग गवतावरून आणि वाळूवरून अनवाणी होता. मागे पडलेले स्पर्धक यावयाच्या आत अंधार पडला, तेव्हा मोटारी किनाऱ्याकडे वळवून त्यांचे दिवे लावण्यात आले.

त्या शेचाळिसांत एक कुटुंब होते. जॉन कॉलिन्स हे नौदलातील अधिकारी, त्यांच्या पत्नी जूडी आणि त्यांची दोन शाळकरी मुले, मुलगी आणि मुलगा. चौघेही शर्यतीत उतरली होती. मला ह्या सबंध इतिहासात हेच चित्र सर्वांत मोलाचे वाटते. मुले कोणाकडे ठेवावयाची हा प्रश्न त्या दिवशी त्या बाईला पडला नाही, कारण मुले तिच्याबरोबर धावत होती.

पुढे कॉलिन्स ह्यांची बदली हवाई बेटांवर झाली. तेथे १९७७ मध्ये एका शर्यतीनंतरच्या बक्षीस-समारंभात वाद रंगला, की धावणारा अधिक दमदार की पोहणारा? कोणी म्हणाले, सायकलवाला. कॉलिन्स ह्यांनी तोड काढली : बेटावर तीन निरनिराळ्या शर्यती होतातच, त्या एकाच दिवशी एकामागून एक करा, जो प्रथम येईल त्याला 'आयर्नमॅन' म्हणू. झाले! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण उतरले, बारा जणांनी शर्यत पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर हे पावणेबारा तासांहून थोड्या अधिक वेळात पहिले आले. अंतरे ऐकूनच आपल्याला घाम फुटावा : जवळजवळ ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन. ही कल्पना आकाराला आणण्यात जूडीबाईंचाही वाटा होता. पण त्या पंधरांत एकही बाई नव्हती आणि जूडीबाईही नव्हत्या. बुधवार संध्याकाळचा कौटुंबिक खेळ चार वर्षांच्या आत 'लोहपुरुषा'चा झाला, तो असा.

तरी बायकांनी फार वेळ वाट पाहिली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, बॉस्टनच्या लिन लेमेअर एकट्या उतरल्या आणि सर्वांत पाचव्या आल्या. पुढे फेब्रुवारी १९८२ मध्ये जूली मॉस ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी म्हणून शर्यतीत आलेली, आघाडीवर असताना शेवटच्या रेषेच्या अगदी तोंडाशी कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून पहिली आली आणि जूली रांगत रांगत रेषेपर्यंत पोहोचली. हे दृश्य टेलिव्हिजनवर दाखविले गेले आणि हा खेळ घरोघरी ठाऊक झाला. लोक त्या रांगण्याचे फार कौतुक करतात. मला मात्र तो आदर्श म्हणून पटत नाही. घरी मुले असलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवावयास उभे राहावयाचे असते.

आता जरा मागे जाऊ; कारण ट्रायथलॉन नवी असली तरी तिची तिन्ही अंगे बायकांकडे फार निरनिराळ्या वाटांनी आली आहेत.

सायकलचे घ्या. १८९४ च्या जून महिन्यात बॉस्टनहून ॲनी कोपचोव्स्की नावाची एक बाई सायकलवरून जगप्रवासास निघाली. वय तेवीस-चोवीस, पदरी तीन लहान मुले, आणि सायकल चालविण्याचा अनुभव म्हणाल तर जवळजवळ शून्य. मुले नवऱ्याच्या हवाली करून ती निघाली. एका झऱ्याचे पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला शंभर डॉलर दिले आणि त्या बदल्यात तिने कंपनीचे 'लंडनडेरी' हे नाव आडनावासारखे लावले. पायघोळ झगा आणि वजनदार बायकी सायकल घेऊन ती शिकागोपर्यंत गेली. तेथे शहाणपण सुचून पुरुषांची हलकी सायकल घेतली आणि पोशाखही बदलला. पुष्कळसा प्रवास तिने आगबोटीने केला हे खरे, तरी १८९५ च्या सप्टेंबरात ती परत आली. तिच्याविषयी वाचताना आजही वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो त्या तीन मुलांचा. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या कोणा पुरुषाला हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे सायकल आली तीही मुलींकडे आधी आणि आयांकडे नंतर. पुण्यात सायकलवरून शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली हे नेहमीचेच दृश्य होते. पण लग्न झाले की सायकल भावाकडे जावयाची. आयांच्या हाती सायकल मोठ्या संख्येने आली ती तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी बायकांना सायकल शिकविणे हा मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, अशा हजारो बायका शिकल्या. पुढे मूल, मागे पाण्याची घागर, आणि बसची वाट पाहणे बंद! वेळ वाचला, आणि वाचलेला वेळ थोडा तरी स्वतःचा झाला.

धावण्याची कथा जरा कडू आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि बायका धावून कोसळल्या अशी आरडाओरड वर्तमानपत्रांनी केली. त्यात अतिशयोक्ती पुष्कळ होती. तरी ती शर्यत जी बंद झाली ती १९६० पर्यंत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ मध्ये. ज्या बाईला ८०० मीटर झेपत नाही असे ठरविण्यात आले होते, ती बेचाळीस किलोमीटर धावू लागली. आपल्या उपनगरातील बाई ह्या सगळ्या काळात रोजच धावत होती, पण जिना चढून, पूल ओलांडून, आठ-बाराच्या फास्टसाठी. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा धावणे थांबले नाही. धावून पोहोचल्यावर उभे राहावयास जागा मिळू लागली, एवढेच. हौसेने धावणे आले ते नंतर. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत मोठी मॅरेथॉन सुरू झाली, आणि २०१२ पासून 'पिंकेथॉन' ही केवळ बायकांची दौड. साडी नेसून, नऊवारीत, तान्हे मूल अंगाशी बांधून बायका रस्त्यावर आल्या.

येथे बारामतीच्या लताबाई करे ह्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. २०१३ मध्ये, साठी उलटलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या ह्या बाई नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून तेथील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या दौडीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. हौशी धावणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट शेजारी असावी. आमच्या भगिनीलाही ती ठाऊक आहे. "मला हौसेसाठी धावायला मिळाले, हे माझे नशीब," असे ती म्हणाली.

राहिले पोहणे. कोकणात, देशावर, गावच्या विहिरीत सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका कमरेला बांधून मुलगे पोहावयास शिकत. मुलीही शिकत, पण मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला काठावर बसवीत. पुढे शहरांत तलाव झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या पहिल्या स्त्री-खेळाडू गेल्या, त्या चौघींत दोघी पोहणाऱ्या होत्या : मुंबईच्या डॉली नाझीर आणि कलकत्त्याच्या आरती साहा. त्याच आरतीबाईंनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशियातील पहिल्याच स्त्री. म्हणजे कर्तबगारीची वाण नव्हती. वाण होती ती सर्वसाधारण बाईला परवडेल अशा वेळी, परवडेल अशा पैशात पाणी मिळण्याची. आज मुलुंडला, अंधेरीला, कांदिवलीला महापालिकेचे तलाव आहेत, त्यांत बायकांसाठी वेगळ्या वेळा असतात. मुख्यतः ह्या एका सोयीमुळे आमच्या भगिनीची शर्यत शक्य झाली. सायकल उसनी आणता येते, धावावयास रस्ता आहे. पण पाणी उसने आणता येत नाही.

खेळाच्या कथेत परत येते. १९८९ मध्ये फ्रान्समधील आविन्यों येथे ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लेस मॅकडोनल्ड ह्यांनी आरंभापासूनच स्त्रीपुरुषांना सारखेच बक्षीस ठेवले. इतर कितीतरी जुन्या खेळांना हे पुष्कळ उशिरा सुचले. २००० मध्ये सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा पहिला मान बायकांना मिळाला : १६ सप्टेंबरला स्त्रियांची शर्यत, दुसऱ्या दिवशी पुरुषांची. दीड किलोमीटर पोहणे, चाळीस सायकल, दहा धावणे. स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमहोन अवघ्या दोन सेकंदांनी जिंकल्या. त्याच देशाच्या निकोला स्पिरिग ह्यांची गोष्ट आयांनी वाचण्यासारखी आहे. २०१२ मध्ये लंडनला सुवर्णपदक, मग मुलगा झाला. २०१६ मध्ये रिओला रौप्यपदक. आणि तीन मुलांची आई होऊन टोकियोला सहावा क्रमांक. अर्थात त्यांचा तो व्यवसायच होता, आणि दिवसाचे तास त्यांच्या हाती होते. आपल्याशी त्यांची तुलना करू नये.

आपल्याकडे २०१५ मध्ये मिलिंद सोमण ह्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमॅन शर्यत पुरी केली, तेव्हा मराठी घरांत ह्या नावाची चर्चा सुरू झाली. त्यांच्या मातोश्री उषाताई सोमण पंचाहत्तरी ओलांडल्यावर साडी नेसून मुलाबरोबर अनवाणी धावल्या. ती चित्रफीत तर आपल्यापैकी बहुतेकींनी एकमेकींना पाठविलीच असेल. मग कोल्हापुरात स्पर्धा भरू लागल्या. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅनची निम्म्या पल्ल्याची शर्यत भारतात प्रथमच झाली : १.९ किलोमीटर समुद्र, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. पुढे करोनामुळे दोन वर्षे ती झाली नाही. २०२२ पासून पुन्हा सुरू झाली.

आमच्या भगिनीने ह्यातले मोठे काही केले नाही. तिची शर्यत लहान पल्ल्याची होती : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. आकडे पाहिलेत तर त्या मिशन बेच्या बुधवारच्या शर्यतीशी त्यांचे नाते दिसेल. ह्या लहान पल्ल्यासाठी तिला आठ महिने लागले. ते कसे गेले, हे तिने मला पोळ्या लाटता लाटता सांगितले.

आठवड्यातून तीन दिवस पहाटे तलाव. त्यासाठी साडेचारला उठून भाजी चिरून, कणीक भिजवून निघावयाचे. रविवारी अंधार असतानाच पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरपर्यंत सायकल, येऊन-जाऊन वीसएक किलोमीटर, आणि उतरल्याबरोबर गल्लीत थोडे धावणे. सायकलवरून उतरून लगेच धावताना पाय दगडासारखे जड होतात. त्यांना ही सवय आधीच लावावी लागते. पावसाळ्यात सायकल बंद. मुलाच्या सहामाहीच्या वेळी दोन आठवडे सर्वच बंद. मग मुलीला ताप आला, तेव्हा तिने हे सोडूनच द्यावयाचे ठरविले होते.

"घरचे काय म्हणाले?" मी शेवटी विचारलेच.

"नको असे कोणीच म्हणाले नाही, काकू," ती म्हणाली. "पण हो असेही कोणी म्हणाले नाही. 'किती वाजता येशील?' एवढेच विचारायचे. रोज."

ज्या बायकांनी हे वाक्य घरात ऐकले आहे, त्यांना त्याचे वजन सांगावयास नको. मागे ज्या आयांची नावे घेतली, त्यांनाही हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलाच असेल. यजमानांचा स्वभाव चांगला आहे. मुलीचा ताप उतरल्यावर त्यांनीच आपण होऊन डबे भरण्याचे काम घेतले. पहिल्या आठवड्यात दोनदा डब्यांची अदलाबदल झाली, आणि मुलाने शाळेत कारल्याची भाजी खाल्ली! तेव्हापासून तो प्रश्न मात्र बंद झाला.

शर्यतीच्या दिवशी तिला सर्वांत भीती होती ती पाण्याची. तलावाच्या तळाशी सरळ रेषा असते, ती पाहत पोहता येते. उघड्या पाण्यात खाली काही दिसत नाही. दर थोड्या वेळाने मान वर करून तरंगता फुगा कोठे आहे ते पाहावे लागते. पहिल्या शंभर मीटरांत तिला लाथा बसल्या, नाकात पाणी गेले आणि श्वास लागला. ती उताणी झाली, आकाशाकडे पाहत शंभर अंक मोजले आणि मग पुढे निघाली. पाण्यातून बाहेर आल्यावर ओले अंग पुसून, बूट चढवून सायकल घ्यावयाची असते, आणि हा वेळही शर्यतीत धरतात. तेथे मात्र तिने कित्येकांना मागे टाकले. एका हाताने वेणी घालीत दुसऱ्या हाताने दप्तर भरणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवावे लागत नाही. धावताना पुन्हा सगळे तिच्यापुढे निघून गेले. शेवटच्या रेषेपाशी यजमान आणि दोन्ही मुले उभी होती. धाकटीने विचारले, "आई, संपलं का? आता जेवायचं का?"

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे भिशीचे पैसे द्यावयास गेले होते. मेजावर तलावाचा छापील अर्ज पडला होता. मला वाटले, तिचाच असेल. तो तिच्या सासूबाईंचा होता. त्या मूळच्या रत्नागिरीकडील. भोपळा बांधून विहिरीत पोहलेल्या, आणि बाराव्या वर्षी काठावर बसविलेल्या. अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, तो मिळाला आहे. सासूबाई चष्मा लावून विचारीत होत्या, बायकांची वेळ सकाळची घ्यावी की दुपारची? सून म्हणाली, "सकाळची घ्या, आई. डबे हे भरतात."